नागपुरात नवे आहात आणि नाटक पाहायचे आहे : हंगाम, सभागृहे आणि तिकिटे

नोकरी, शिक्षण किंवा बदलीच्या निमित्ताने नागपुरात आलेल्या नाट्यप्रेमी माणसाची पहिली तक्रार बहुधा एकच असते, की येथे नाटकेच होत नाहीत. पुण्या-मुंबईकडे शनिवार-रविवारी वर्तमानपत्र उघडले की नाट्यगृहांच्या जाहिरातींचे पान समोर येते आणि त्यातून दुपारचा की रात्रीचा प्रयोग एवढेच निवडायचे असते. नागपुरात तसे पान नाही आणि रोज पडदा वर जाईल असे एकही नाट्यगृह नाही. मात्र यावरून शहराला नाटकाचे वावडे आहे असा निष्कर्ष काढला, तर विदर्भाच्या रंगभूमीवर अन्याय होईल. येथे नाटक इमारतीच्या आधाराने चालत नाही, ते हंगामाच्या आणि हौशी संघांच्या आधाराने चालते. म्हणून नवागताने सभागृहांचे पत्ते शोधण्याआधी वर्षाचा क्रम समजून घ्यावा, म्हणजे पुढचे सगळे सोपे होते.

१. आधी येथील रीत समजून घ्या

मुंबईहून नागपूर रस्त्याने सुमारे आठशे किलोमीटर दूर आहे. व्यावसायिक नाटकाचे नेपथ्य, प्रकाशयोजनेचे सामान आणि पंधरा-वीस माणसे एवढ्या अंतरावर आणायची, तर निर्मात्याला एका प्रयोगाचा खर्च परवडत नाही. त्यामुळे नागपूर, अमरावती, अकोला, यवतमाळ, चंद्रपूर अशा गावांचे प्रयोग एकत्र बांधून ‘विदर्भ दौरा’ काढला जातो. नागपूरच्या वाट्याला त्यातला एखादा, फार तर दोन प्रयोग येतात आणि तिकिटाचा दरही पुण्यापेक्षा चढा असतो. तो प्रयोग चुकला की तेच नाटक पुन्हा कधी येईल याचा भरवसा नसतो. म्हणून दौऱ्याची जाहिरात दिसताच, पुढच्या आठवड्यात पाहू असे न म्हणता, त्याच दिवशी तिकीट काढावे.

उरलेले नाटक, म्हणजे खरे तर बहुतांश नाटक, स्थानिक हौशी आणि प्रायोगिक संघांचे असते. बँकेत, शाळेत, महावितरणमध्ये किंवा रेल्वेत दिवसभर काम करून संध्याकाळी तालमीला जाणारी ही माणसे आहेत. त्यांच्या प्रयोगांच्या मोठ्या जाहिराती येत नाहीत. त्यांची बातमी मिळवण्याचे मार्ग पुढे सांगितले आहेत.

२. वर्षाचे गणित मांडा

नागपूरच्या रंगभूमीचे वर्ष दिवाळीनंतर सुरू होते असे मानले तरी चालेल. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि लोक संध्याकाळीही घराबाहेर पडायला कंटाळतात, त्यामुळे उन्हाळ्यात मोठे प्रयोग विरळ असतात. त्या काळात मुलांची नाट्यशिबिरे मात्र भरात असतात.

हंगामातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे राज्य नाट्य स्पर्धा. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची ही हौशी मराठी नाट्य स्पर्धा साठीच्याही पुढे गेली आहे आणि तिच्या प्राथमिक फेरीचे एक केंद्र नागपूर असते. ही फेरी साधारणपणे नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास होते. ओळीने काही आठवडे, बहुतेक रोज संध्याकाळी, एक पूर्ण लांबीचे नाटक पाहायला मिळते आणि तिकीट अगदी नाममात्र असते. चहा-नाश्त्यालाही त्याहून जास्त पैसे लागतात. नव्याने आलेल्या माणसाने वर्षभरात दुसरे काही पाहिले नाही तरी चालेल, पण ही फेरी सोडू नये, असे माझे ठाम मत आहे. सभागृहाच्या मधल्या रांगेत परीक्षकांचे टेबल असते, त्यावर कागदापुरता उजेड देणारा छोटा दिवा असतो आणि त्या दिव्याच्या मागे-पुढे कलावंतांचे आई-वडील, कार्यालयातील सहकारी, आदल्या दिवशी स्वतः प्रयोग केलेल्या संघातील मुले आणि वर्षानुवर्षे एकही नाटक न चुकवणारे काही ज्येष्ठ रसिक बसलेले असतात. मध्यंतरात या ज्येष्ठांच्या शेजारी उभे राहून नुसते ऐकले, तरी शहरातील कोणता संघ काय करतो आहे, कोणाचे नेपथ्य चांगले असते आणि कोणता नवा लेखक नजरेत ठेवण्याजोगा आहे, हे सगळे कळते. प्रयोगांचा दर्जा सारखा नसतो. एखादे नाटक पाठांतरातच अडखळते आणि दुसऱ्याच दिवशी असे काही समोर येते की व्यावसायिक रंगभूमीवरही ते सहज उभे राहावे. मराठी स्पर्धेला जोडूनच पुढे हिंदी, संस्कृत, संगीत आणि बालनाट्याच्या स्पर्धाही होतात, त्यांची केंद्रे मात्र दरवर्षी तपासून घ्यावीत.

हिवाळ्यातच ईश्वर देशमुख शारीरिक शिक्षण महाविद्यालयाच्या मैदानावर खासदार सांस्कृतिक महोत्सव भरतो. हा २०१७ पासूनचा उपक्रम आहे. तेथे हजारोंच्या गर्दीपुढे गायन-नृत्याचे मोठे कार्यक्रम आणि महानाट्ये होतात. जवळून अभिनय पाहण्याची ती जागा नव्हे. रामटेकशी जोडलेला कालिदास महोत्सवही थंडीतच असतो. पावसाळ्यात, जुलैच्या अखेरीस किंवा त्याच्या आसपास, वसंतराव देशपांडे स्मृती संगीत समारोह होतो आणि शास्त्रीय संगीताची आवड असणाऱ्याने त्या तारखा आधीच राखून ठेवाव्यात.

लोककलेत रस असेल तर आणखी दोन दिवस लक्षात ठेवावेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे स्त्रीरूपातील मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. तिच्यासोबतचे बडगे, म्हणजे पुरुषरूपातील पुतळे, आणि त्यांवरचे सामाजिक-राजकीय टोमणे म्हणजे रस्त्यावरचे जिवंत नाट्यच आहे. त्यानंतर पितृपक्षात, ज्याला येथे हडपक म्हणतात, महाल भागातील भोसल्यांच्या वाड्यात हडपक्या गणपती बसतो. त्याची परंपरा अठराव्या शतकापासून सांगितली जाते आणि लावण्या, नकला, खडी गंमत अशा करमणुकीशी तिचे जुने नाते आहे. खडी गंमत हा तमाशाचा वैदर्भीय अवतार आहे. ती पाहण्याची संधी शहरात क्वचित मिळते, म्हणून मिळाली तर दवडू नये.

३. सभागृहे ओळखून ठेवा

सुरुवात सीताबर्डीतील झाशी राणी चौकापासून करावी. येथे एकेकाळी धनवटे रंगमंदिर होते आणि पन्नाशी ओलांडलेल्या नागपूरकराला नाटकाचा विषय काढून बोलते केले, तर पहिले नाव तेच निघते. १९२३ साली अमरावतीत स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाचे हे रंगमंदिर दीर्घकाळ शहराच्या नाट्यजीवनाचे केंद्र होते. पुढे ते पाडले गेले आणि त्या जागी संघाचे सांस्कृतिक संकुल उभे राहिले. एक रंगमंदिर गेल्यावर त्या गावाचे प्रेक्षक कसे विखुरतात, हे नागपूरने अनुभवले आहे आणि आज येथील प्रयोग पाच-सहा सभागृहांत वाटले गेले आहेत त्याचे एक कारण तेही आहे, असे मला वाटते. संकुलात आता व्याख्याने, पुस्तक प्रकाशने, अभिवाचने आणि छोटे प्रयोग होतात. खालच्या सूचना फलकाकडे जाता-येता नजर टाकण्याची सवय लावावी. जवळच विदर्भ हिंदी साहित्य संमेलनाचे मोर हिंदी भवन आहे. त्यातील मधुरम सभागृहात हिंदीतील कविसंमेलने आणि चर्चा होतात.

याच परिसरात पायी फिरताना जुन्या चित्रपटगृहांच्या खुणाही दिसतात. व्हरायटी चौक आणि पंचशील चौक ही दोन्ही नावे चित्रपटगृहांवरून पडलेली आहेत आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आजही तीच उपयोगी पडतात. नागपूरच्या चित्रपटगृहांचे मराठी नाटकावर एक अप्रत्यक्ष ऋणही आहे. महेश एलकुंचवार तरुणपणी येथे चित्रपट पाहायला निघाले होते, तिकीट मिळाले नाही, म्हणून विजया मेहता यांनी दिग्दर्शित केलेल्या तेंडुलकरांच्या नाटकाला जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी तेच नाटक त्यांनी पुन्हा पाहिले आणि आपणही नाटकच लिहायचे असे ठरवले.

सिव्हिल लाइन्समधील डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह हे शासकीय सभागृह आहे. वसंतरावांचा जन्म १९२० सालचा, मूर्तिजापूरचा. पण त्यांचे संगीताचे शिक्षण नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे सुरू झाले. पुढे १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या ज्या संगीत नाटकातील खाँसाहेबांच्या भूमिकेने ते घराघरांत पोहोचले, ते नाटक लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर हेही नागपूरचेच, ‘रंजन कला मंदिर’ उभे करणारे. त्यामुळे या सभागृहाला दिलेले नाव मला फार यथोचित वाटते. मोठी व्यावसायिक नाटके, शास्त्रीय संगीताचे समारोह आणि शासकीय कार्यक्रम असे सगळेच येथे होते. याच भागात दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे. केंद्र सरकारच्या सात क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रांपैकी हे एक असून त्याच्या आवारात लोकनृत्ये, हस्तकला मेळे आणि नाट्यप्रयोग होतात आणि त्यांतील बऱ्याच कार्यक्रमांना प्रवेश विनामूल्य असतो. सिव्हिल लाइन्समध्येच चिटणवीस सेंटर आहे. तेथील छोट्या सभागृहांत मैफिली आणि गप्पांचे कार्यक्रम चांगले रंगतात.

रेशीमबागेतील कविवर्य सुरेश भट सभागृह महापालिकेचे आहे. अमरावतीत जन्मलेल्या आणि २००३ साली नागपुरात निधन पावलेल्या या गझलकाराच्या नावाचे हे सभागृह सप्टेंबर २०१७ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते खुले झाले आणि त्याची आसनक्षमता दोन हजारांच्या आसपास आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत प्रेमानंद गज्वी यांच्या अध्यक्षतेखाली झालेले ९९ वे अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन रेशीमबागेतच भरले होते. वाद्यवृंद, नृत्य आणि गर्दी खेचणारी नाटके यांना ही जागा शोभते. चार पात्रांच्या, शांत संवादांच्या नाटकाला मात्र ती मोठी पडते, आणि असे नाटक येथे असेल तर मागच्या रांगांचे तिकीट घेऊ नये.

स्थानिक नाटकासाठी खरी महत्त्वाची सभागृहे पश्चिम नागपुरात आहेत. लक्ष्मीनगरात आठ रस्ता चौकातील सायंटिफिक सभागृह, शंकरनगरातील साई सभागृह, तेथूनच जवळ राष्ट्रभाषा संकुलातील बाबूराव धनवटे सभागृह आणि दक्षिण अंबाझरी मार्गावरील बी. आर. ए. मुंडले शाळेचे सभागृह ही चार नावे पाठ करून ठेवावीत. ही सभागृहे आकाराने आटोपशीर आहेत, नटाचा चेहरा शेवटच्या रांगेतूनही दिसतो आणि एकांकिका स्पर्धा, स्मृती-व्याख्याने, नाट्यसंगीताच्या मैफिली येथे सतत चालू असतात. जुन्या भागात महालकडे गांधीसागरजवळ शिक्षक सहकारी बँकेचे सभागृह आहे. उत्तर आणि दक्षिण नागपुरातील वस्त्यांमध्ये आंबेडकरी जलसे आणि नाटके होतात. विशेषतः एप्रिलमधील जयंतीच्या आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास त्यांची चौकशी करावी. ही नागपूरची अत्यंत समर्थ रंगपरंपरा आहे आणि बर्डी-धरमपेठेपुरते फिरणाऱ्याला ती कधीच दिसत नाही.

४. तिकीट, प्रवेशिका आणि आसन

व्यावसायिक नाटकांची तिकिटे बुकमायशो किंवा तिकिटालय या अॅपवर मिळतात, शिवाय प्रयोगाच्या दोन-तीन दिवस आधीपासून सभागृहाच्या खिडकीवरही विक्री असते. खिडकीवर जाण्याचा फायदा असा की आसनांचा तक्ता समोर ठेवून विचारता येते. मध्यम आकाराच्या सभागृहात पाचवी ते दहावी रांग सर्वांत चांगली. पहिल्या दोन रांगांत मान वर करून बसावे लागते आणि रंगमंचाच्या मागील भागातल्या हालचाली नीट दिसत नाहीत.

नागपुरात विनामूल्य कार्यक्रमांचे प्रमाण मोठे आहे आणि तेथेच नवागताचा गोंधळ होतो. ‘प्रवेश विनामूल्य’ आणि ‘विनामूल्य प्रवेशिका आवश्यक’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारात प्रवेशिका कोठे मिळतील हे बातमीच्या शेवटच्या ओळीत दिलेले असते आणि त्या एक-दोन दिवसांत संपतात. शिवाय पुढच्या काही रांगा निमंत्रितांसाठी राखीव असतात. मोकळ्या दिसल्या तरी तेथे बसू नये, कारण ऐन रंगात आलेल्या कार्यक्रमातून उठून मागे जावे लागते. विनामूल्य कार्यक्रमाला अर्धा तास आधी पोहोचणे हाच उत्तम उपाय आहे. दीपप्रज्वलन आणि सत्कार लांबतील याचीही मनाची तयारी ठेवावी.

बातमी मिळवण्यासाठी स्थानिक मराठी वर्तमानपत्रांच्या नागपूर पुरवणीतील ‘आजचे कार्यक्रम’ या प्रकारचे सदर रोज वाचावे. इंटरनेटवर शोधून जे सापडत नाही ते त्या चार ओळींत सापडते.

५. येण्याजाण्याची सोय आधी ठरवा

मेट्रोने जाणे सोयीचे आहे, येण्याचे मात्र आधी पाहावे. झाशी राणी चौक आणि शंकरनगर चौक ही दोन्ही स्थानके लोकमान्यनगरकडे जाणाऱ्या मार्गावर आहेत आणि त्यांवरून अनुक्रमे साहित्य संघाचे संकुल व शंकरनगरातील सभागृहे जवळ पडतात. देशपांडे सभागृहासाठी झिरो माईल किंवा कस्तुरचंद पार्क स्थानकावर उतरून पुढे ऑटो करावा. रेशीमबागेला मेट्रो नाही. तेथे ‘आपली बस’ ही शहर बस किंवा ऑटोच घ्यावा लागतो. शेवटची मेट्रो रात्री दहाच्या सुमारास असते आणि सातला जाहीर झालेले तीन तासांचे नाटक साडेसातला सुरू झाले, तर ती हुकते. दुचाकी असेल तर उत्तम. डिसेंबर-जानेवारीत परतताना सिव्हिल लाइन्स आणि अंबाझरीकडच्या मोकळ्या रस्त्यांवर बोचरी थंडी असते, तेव्हा स्वेटर आणि कानटोपी डिकीत असू द्यावी.

डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असते. त्या काळात सिव्हिल लाइन्स, झिरो माईल आणि बर्डीच्या परिसरात मोर्चे आणि बंदोबस्त यांमुळे रस्ते बंद होतात किंवा वळवले जातात, म्हणून देशपांडे सभागृहातील कार्यक्रमाला त्या दिवसांत नेहमीपेक्षा बराच वेळ हाताशी ठेवून निघावे.

६. स्थानिक संघांशी ओळख करून घ्या

प्रयोग संपल्यावर लगेच बाहेर न पडता रंगमंचामागे जाऊन कलावंतांना भेटण्याची पद्धत नागपुरात अजून टिकून आहे आणि हौशी प्रयोगाला तर कोणी अडवत नाही. नाटक आवडले असेल तर नेमके काय आवडले ते सांगावे, आपला क्रमांक द्यावा आणि पुढचा प्रयोग कळवण्याची विनंती करावी. बहुतेक संघ आपले निरोप व्हॉट्सअॅपच्या गटांवरच पाठवतात, त्यामुळे एका संघाशी झालेली ओळख पुढे चार संघांपर्यंत पोहोचते. काम करण्याची इच्छा असेल तर पहिल्याच दिवशी भूमिका मागू नये. नेपथ्य लावणे, ध्वनिसंकेत सांभाळणे, वेशभूषेच्या याद्या करणे यांसाठी माणसे नेहमीच कमी पडतात आणि तालमीत बसू देणारा संघ मिळाला की अभिनयाची संधी आपोआप येते. तालमी जुलै-ऑगस्टपासून बांधल्या जातात, म्हणून विचारणा पावसाळ्यातच करावी.

स्वतःच प्रयोग करायचा असेल तर लेखकाची लेखी परवानगी आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे संहितेसाठीचे प्रमाणपत्र या दोन गोष्टींना सर्वांत आधी हात घालावा. सभागृहाचे भाडे आणि अनामत रक्कम नंतर. खुल्या जागेत ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर लावता येत नाही, हेही वेळापत्रक आखताना विसरू नये.

एखादा रविवार मोकळा असेल तर छिंदवाडा मार्गाने सावनेरला जाऊन यावे. राम गणेश गडकरी यांचे निधन २३ जानेवारी १९१९ रोजी तेथे झाले.

७. एक रात्र झाडीपट्टीत काढा

हे शेवटी लिहीत असलो तरी हंगामात याला पहिले स्थान द्यावे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांच्या जंगलपट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे गावजत्रा, आणि शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, भरतात, आणि त्या निमित्ताने रात्रभर नाटके होतात. हा हंगाम होळीच्या आसपासपर्यंत चालतो. नाटक रात्री दहा-अकराला सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. कौटुंबिक कथा, विनोदी पात्रांचे प्रवेश, मध्ये मध्ये गाणी आणि लावणी, आणि समोर थंडीत चटया-घोंगड्या घेऊन सहकुटुंब बसलेले गाव, असा तो थाट असतो. या रंगभूमीवर शेकडो माणसांचे पोट चालते. हंगामात नागपूरचे कितीतरी कलावंत, विशेषतः अभिनेत्री, झाडीपट्टीतच मुक्कामाला असतात. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा शहरी वर्तमानपत्रांनीही या रंगभूमीची दखल घेतली. भडक म्हणून तिला नावे ठेवणारे शहरात आहेत. त्यांनी गावातल्या माणसांमध्ये बसून एक प्रयोग शेवटपर्यंत पाहावा, एवढेच मी म्हणेन.

या नाटकांचे केंद्र देसाईगंज, म्हणजेच वडसा. नाट्यमंडळांची कार्यालये तेथे एकमेकांना लागून आहेत आणि गावोगावची मंडळे तेथे येऊनच तारखा ठरवतात. नागपूरहून उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी या मार्गाने एसटीने जाता येते; वडसा स्थानक गोंदिया-बल्लारशाह रेल्वेमार्गावर आहे. दुपारपर्यंत वडशाला पोहोचून कोणत्याही कार्यालयात त्या रात्री कोठे प्रयोग आहे हे विचारावे, गावाचे नाव आणि अंतर लिहून घ्यावे आणि जाण्या-येण्याचे वाहन तेथूनच ठरवावे, कारण रात्री गावाकडून परतीची बस मिळत नाही. तिकीट गावच्या मंडपाच्या दाराशीच मिळते. सोबत चटई, जाड पांघरूण, पाणी आणि सुटे पैसे असावेत, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतची रजा आधीच टाकलेली असावी.